मूत्रपिंडाच्या पेशीत प्रथिन "चुकीच्या" बाजूला का दिसतं?

प्रश्न असा आला आहे: "मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका ट्रान्सपोर्टर (पटलातून पदार्थ ने-आण करणाऱ्या) प्रथिनाच्या शेपटीला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून ते एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या) पेशींत घातलं. ते बेसोलॅटरल (रक्ताकडच्या) बाजूला जायला हवं, पण मला दोन्ही बाजूंना दिसतंय. पेशीला बाजू कळते तरी कशी? माझा प्रयोग चुकला की प्रथिनच तसं आहे?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचं गाडं तिथे अडलं आहे. आत्ता हातात जे चित्र आहे, त्यावरून दोन्हींपैकी काहीच ठरवता येत नाही. प्रथिन जिथे दिसतं ती जागा म्हणजे तीन गोष्टींची गोळाबेरीज असते: ते पाठवलं कुठे गेलं, पोहोचल्यावर किती टिकलं आणि तिथून उचलून पुन्हा कुठे नेलं गेलं. मायक्रोस्कोपला फक्त बेरीज दिसते. या विषयात मी इतकी वर्षं काम केलं, त्यात सर्वांत जास्त वेळ ही बेरीज सुटी करण्यात गेला. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

आधी बाजू कशासाठी लागते ते पाहू. माणसाच्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं नलिकांच्या पेशी परत रक्ताकडे ओढतात. या पेशीचं एक तोंड नलिकेच्या पोकळीकडे असतं, ती एपिकल बाजू. तळ आणि कुशी रक्ताकडे, ती बेसोलॅटरल बाजू. सोडियम वरून आत शिरतो आणि खालचा सोडियम-पोटॅशियम पंप तो रक्ताकडे बाहेर काढतो. हाच पंप दोन्ही बाजूंना सारखा बसला असता, तर जेवढा सोडियम रक्तात गेला असता तेवढाच परत नलिकेत सांडला असता. पंप तोच आणि तितकाच सक्षम, पण काम शून्य. नलिकेच्या पेशीचं सगळं काम कोणतं प्रथिन कुठे बसलंय यावर उभं आहे.

तुम्ही वापरताय त्या एमडीसीके पेशी मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वाढवल्या. त्या बाजू पाळतात याचा पुरावा तुमच्या इनक्युबेटरमध्येच आहे. प्लास्टिकच्या डिशमध्ये त्या दाट होऊ द्या आणि काही दिवसांनी इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली पाहा. सपाट थरात मध्येच गोल फुगवटे दिसतील. फोकस वर नेला की फुगवट्याचा माथा स्पष्ट होतो आणि आजूबाजूच्या पेशी धूसर होतात. खाली आणला की उलट. आम्ही त्यांना डोम म्हणतो. पेशी वरच्या माध्यमातलं मीठ आणि पाणी खाली ढकलत राहतात, खाली प्लास्टिक असल्यामुळे त्याला वाट मिळत नाही, आणि साचलेल्या पाण्याने थरच उचलला जातो. मी नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात कुठलाही पेपर देत नाही, आधी डोम दाखवते.

आता बाजू कळते कशी ते. या प्रश्नाला खरी धार आली १९७८ साली, न्यूयॉर्कमध्ये. एन्रिके रॉड्रिग्ज-बुलान आणि डेव्हिड सबातिनी यांनी एमडीसीके पेशींना वेगवेगळ्या विषाणूंची लागण केली आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. इन्फ्लुएन्झाचे विषाणू फक्त वरच्या बाजूने अंकुरत होते, तर व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू, म्हणजे व्हीएसव्ही, खालून आणि कुशीतून. पेशी तीच आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणाही तीच, तरी एका विषाणूचं प्रथिन वर जातं आणि दुसऱ्याचं खाली. म्हणजे प्रथिनातच काहीतरी लिहिलेलं असणार आणि पेशी ते वाचत असणार. (व्हीएसव्ही परका वाटत असेल तर सांगते: १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला गेलेला चांदीपुरा विषाणू त्याचाच भाऊबंद.)

लिहिलेलं काय असतं, याचं उत्तर बेसोलॅटरल बाजूसाठी बरंच स्पष्ट आहे. प्रथिनाची जी शेपटी पेशीच्या आत लोंबते, तिच्यात अमिनो आम्लांचा छोटा क्रम असतो. पुष्कळदा टायरोसिन, मग कुठलीही दोन, मग एक जलद्वेषी अमिनो आम्ल, किंवा दोन ल्युसिन शेजारी शेजारी. हा क्रम एपी-१ नावाचं अ‍ॅडॉप्टर संकुल पकडतं, क्लॅथ्रिन या प्रथिनाचं आवरण चढतं आणि आपलं प्रथिन पुटिकेत (छोट्या पिशवीत) भरलं जातं. एपी-१ चे दोन प्रकार आहेत. एपी-१बी हा फक्त उपकला (अवयवांना अस्तर लावणाऱ्या) पेशींत सापडतो, आणि त्यातही सगळ्यांत नाही. डुकराच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या एलएलसी-पीके१ पेशींत त्याचा म्यू-१बी हा घटक नसतो. त्या पेशींत एलडीएल रिसेप्टर (कोलेस्टेरॉलचे कण पकडणारं प्रथिन) वरच्या बाजूला जातो. १९९९ साली म्यू-१बी त्यांच्यात परत घालून पाहिला आणि रिसेप्टर मुकाट्याने खाली गेला. आपल्या मूत्रपिंडात प्रॉक्झिमल नलिकेच्या (नलिकेच्या सुरुवातीच्या भागाच्या) पेशींतही म्यू-१बी नसतो. म्हणजे पत्ता प्रथिनावर असला तरी तो वाचणारा त्या पेशीत हवा. तुमचं प्रथिन एका पेशीप्रकारात खाली आणि दुसऱ्यात वर दिसलं, तर चुकलं असं लगेच म्हणू नका.

एपिकल बाजूचं मात्र अजूनही एका ओळीत सांगता येत नाही. तिथे शेपटीतला क्रम बहुतेक वेळा कामाचा नसतो. जीपीआय नावाच्या मेदाच्या खुंट्याने पटलाला बांधलेली प्रथिनं वर जातात, काहींचा पटलातून जाणारा भागच त्यांना वर नेतो, आणि काहींना बाहेरच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या नेतात. साखरेचा एक प्रयोग मला फार आवडतो. उंदराचं ग्रोथ हार्मोन एमडीसीकेमध्ये घातलं की ते दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं, कारण त्याच्यावर साखर नाही. त्याच्यावर साखळ्या चढतील असे बदल केले, की ते मुख्यतः वरून बाहेर पडू लागतं. साखरेला धरणारी गॅलेक्टिन नावाची प्रथिनं आणि स्फिंगोलिपिड-कोलेस्टेरॉलचे दाट पुंजके यांचा यात हात आहे. नेमकं कोण कुणाला गोळा करतं यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. माझं मत असं की एपिकल प्रवासाला "पत्ता" म्हणण्यापेक्षा "घोळका" म्हणावं. ती प्रथिनं एकमेकांना चिकटून गट करतात आणि गटानेच निघतात.

दोन्ही खुणा एकाच प्रथिनावर असल्या तर? बहुधा बेसोलॅटरल खूण जिंकते. एलडीएल रिसेप्टरच्या शेपटीतल्या खालच्या खुणा काढून टाकल्या तर तो वर जातो; वरचा मार्ग त्याच्यात होताच, झाकलेला.

इथपर्यंतचं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, आणि बहुतेक ठिकाणी पोस्टाची उपमा देऊन मोकळं होतात. ती अर्धीच बरोबर आहे. पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. पेशी तसं करत नाही. पटलाचे तुकडे ती सतत आत ओढत असते, रिसायकलिंग एंडोसोममध्ये (आत ओढलेल्या पटलाच्या पिशव्यांत) पुन्हा निवड करते आणि पुन्हा बाहेर पाठवते. कल्चरमधल्या कित्येक पेशी तासा-दोन तासांत आपल्या संपूर्ण पृष्ठभागाइतकं पटल आत घेऊन परत देतात. प्रत्येक फेरीत पत्ता नव्याने वाचला जातो. टाइट जंक्शन (शेजारच्या पेशींना घट्ट जोडणारा पट्टा) वरचं प्रथिन खाली घसरू देत नाही, पण ते कुंपण आहे. कुंपणाच्या कोणत्या बाजूला कोण असेल हे कुंपण ठरवत नाही.

ही गुंतागुंत सगळ्यांत चांगली दिसते ती सोडियम-पोटॅशियम पंपाच्या वादात. १९९१ साली एका गटाने एमडीसीकेमध्ये मोजून दाखवलं की नवा पंप दोन्ही बाजूंना सारखाच पोहोचतो. खाली तो अँकिरिन आणि स्पेक्ट्रिन या प्रथिनांच्या पटलाखालच्या जाळ्याला बांधला जाऊन टिकतो, वर बांधायला काही नसल्यामुळे लवकर नाहीसा होतो. दोन वर्षांत दुसऱ्या गटाने त्याच एमडीसीकेमध्ये दाखवलं की पंप थेट खालीच जातो. दोन्ही गट काटेकोर, दोघांकडे चांगले नियंत्रण-प्रयोग. पुढे उलगडा झाला तो असा की एमडीसीकेचे क्लोन (एकेका पेशीपासून वाढवलेले वाण) वेगवेगळे होते आणि त्यांच्या स्फिंगोलिपिडांत फरक होता. एका क्लोनमध्ये गॉल्जीतच (पेशीतल्या प्रथिनं वेगळी करून पाठवणाऱ्या थांब्यावरच) निवड होत होती, दुसऱ्यात पोहोचल्यानंतर. शेवटी दोन्हींत पंप खालीच दिसतो. फक्त शेवटचा फोटो पाहिला असता तर हा फरक कुणाला कळलाच नसता. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे: तुमच्या पेशी कुठल्या क्लोनच्या, किती पॅसेजच्या (किती वेळा नव्या डिशमध्ये हलवलेल्या), हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असलं पाहिजे. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) भांडारातून आणल्या असोत की शेजारच्या लॅबमधून, स्ट्रेन I की II हे विचारून घ्या.

आता हे सगळं माणसाच्या शरीरात कसं दिसतं ते दोन-तीन उदाहरणांनी सांगते.

रात्रभर पाणी प्यायलं नाही तरी सकाळी आपण कोरडे पडत नाही, याचं श्रेय एक्वापोरिन-२ या पाण्याच्या मार्गाला. २७१ अमिनो आम्लांचं हे प्रथिन संग्राहक नलिकेच्या प्रिन्सिपल पेशीत, एपिकल पटलाच्या जरा खाली, पुटिकांत भरून तयार असतं. रक्तात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढलं की ते बेसोलॅटरल बाजूच्या व्ही२ रिसेप्टरला चिकटतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं, प्रोटीन कायनेज ए एक्वापोरिनच्या शेपटीतल्या २५६ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट बसवतं, आणि काही मिनिटांत पुटिका वरच्या पटलाला जुळतात. पाणी वरून आत येतं आणि खालच्या एक्वापोरिन-३ व ४ मधून रक्ताकडे जातं. संप्रेरक ओसरलं की क्लॅथ्रिनच्या खळग्यांतून एक्वापोरिन-२ परत आत ओढलं जातं. इथे प्रथिन "कुठे असतं" या प्रश्नाला अर्थच नाही, जोवर तुम्ही "केव्हा" हे सांगत नाही.

हे बिघडलं की नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस होतो. संप्रेरक भरपूर असतं, पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही, आणि माणूस दिवसाला दहा-बारा लिटरपर्यंत पातळ लघवी करू शकतो. जन्मजात रुग्णांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत दोष व्ही२ रिसेप्टरमध्ये असतो. पुष्कळदा बिघडलेला रिसेप्टर ईआरमध्येच (प्रथिनं घडतात त्या जाळ्यातच) अडकून राहतो. एक्वापोरिन-२ च्या दोषांतला एक प्रकार तुमच्यासाठी विशेष आहे. त्यात एक अक्षर जास्त शिरल्यामुळे जनुकाच्या शेवटी वाचनाची चौकट सरकते, शेपटी बदलते आणि नव्या शेपटीत योगायोगाने बेसोलॅटरल खुणा तयार होतात. प्रथिन पाणी वाहून नेऊ शकतं, फक्त खाली जाऊन बसतं. शिवाय एक्वापोरिन चार-चारच्या जुडीत असतं. जुडीत एखादं बिघडलेलं असलं तरी ते चांगल्यांनाही खाली ओढून नेतं, म्हणून एकाच पालकाकडून आलेला दोषही पुरेसा होतो.

दुसरं उदाहरण एई१ चं. संग्राहक नलिकेतल्या अल्फा इंटरकॅलेटेड पेशी लघवीत आम्ल सोडतात आणि त्या बदल्यात तयार झालेला बायकार्बोनेट एई१ मधून रक्तात देतात. एई१ खाली असायला हवं. काही घराण्यांत त्याची शेवटची ११ अमिनो आम्लं गळालेली असतात. ९११ पैकी अकरा. पण त्या अकरांतच टायरोसिनची खूण आहे. २००३ साली दाखवलं गेलं की एमडीसीकेमध्ये हे तुटकं प्रथिन वरही जातं. वर गेलं की बायकार्बोनेट लघवीत सांडणार आणि सोडलेलं आम्ल तिथेच विझणार. रुग्णाला डिस्टल रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस होतो: पोटॅशियम उतरतं, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, मुलांची हाडं वाकतात. तेच जनुक लाल पेशीतही काम करतं, पण लाल पेशीला वर-खाली अशी बाजूच नाही, त्यामुळे तिचं फारसं बिघडत नाही. सगळं इतकं चोख जुळतं की इथेच थांबावंसं वाटतं. तरी पुढचं सांगायलाच हवं. याच आजाराचं दुसरं एक म्युटेशन उंदरात घालून पाहिलं, तर एई१ योग्य बाजूलाच होतं, मात्र त्या पेशींची संख्याच कमी झाली होती. डिशमधलं निरीक्षण जसंच्या तसं रुग्णावर चढवू नये ते यासाठी.

आणि लिडल सिंड्रोम. यात सोडियमच्या ईनॅक मार्गाचं वर जाणं ठीक असतं, परत येणं बिघडलेलं असतं. त्याच्या शेपटीतली प्रोलिन-टायरोसिनची खूण गेल्यामुळे नेड४-२ हे एन्झाइम त्याला "काढून न्या" अशी युबिक्विटिनची खूण लावू शकत नाही. मार्ग पटलावर साचत जातात, मीठ ओढलं जातं आणि तरुण वयातच रक्तदाब चढतो.

आता तुमचा प्रयोग. तुम्ही पेशी काचेच्या कव्हरस्लिपवर वाढवल्या की फिल्टरवर, हे लिहिलेलं नाही. मी स्वतः संशोधनाच्या पहिल्या वर्षात काचेवर वाढवलेल्या पेशींना भोकं न पाडता अँटिबॉडी लावली आणि प्रथिन फक्त वर आहे असा निष्कर्ष काढला. तीन महिने त्याच निष्कर्षावर पुढचे क्लोन बनवत राहिले. खरी गोष्ट एवढीच होती की टाइट जंक्शन घट्ट असल्यामुळे अँटिबॉडीला खाली जायला वाटच नव्हती. माझ्या प्रथिनाने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. ते तीन महिने अजून डाचतात, म्हणून इतकं आवर्जून सांगते आहे.

०.४ मायक्रोमीटर छिद्रांच्या फिल्टरवर पेशी दाट पेरा आणि किमान चार-पाच दिवस द्या. दोन दिवसांच्या पेशी चपट्या असतात, त्यांची बाजू पुरती बसलेली नसते. मोठा आकडा म्हणजे चांगली पेशी असं समजून विद्युत्-रोध मोजू नका: स्ट्रेन II चा रोध मुळातच शंभर-दोनशे ओहम-चौरस सेंटिमीटरच्या घरात असतो, स्ट्रेन I चा हजाराच्या वर जातो. झेडओ-१ ची (टाइट जंक्शनमधल्या प्रथिनाची) अखंड जाळी दिसते का ते पाहा. मग तुमच्या जीएफपीच्या बरोबरीने त्याच पेशीत वरची खूण म्हणून पोडोकॅलिक्सिन आणि खालची म्हणून सोडियम-पोटॅशियम पंप रंगवा आणि उभा छेद घ्या. पोडोकॅलिक्सिनची वर बारीक रेघ आणि पंपाचा खालून-कुशीतून यू आकार दिसला, तरच तुमच्या प्रथिनाबद्दल बोलता येईल. या दोन खुणाच एकमेकांत मिसळल्या असतील, तर पेशीला बाजूच नाही.

खुणा चोख असल्या आणि प्रथिन तरी दोन्हीकडे असलं, तर माझा पहिला संशय जीएफपीवर जाईल. तुम्ही ते शेपटीच्या टोकाला लावलं आहे. पुष्कळ ट्रान्सपोर्टरांच्या टोकालाच, प्रथिनं जागेवर बांधून ठेवणाऱ्या पीडीझेड प्रथिनांना धरणारी खूण असते आणि ती टोक मोकळं असेल तरच चालते. एई१ चं नुकतंच पाहिलं, अकरा अमिनो आम्लांनी काय होतं ते. तुम्ही तिथे २३८ अमिनो आम्लांचा पिंप बांधला आहे. टॅग दुसऱ्या टोकाला हलवा, किंवा बाहेरच्या वळशात एचएसारखा छोटा टॅग घाला. दुसरा संशय मात्रेवर. सीएमव्ही प्रोमोटरने (जनुक जोरात चालवणाऱ्या विषाणूच्या स्विचने) प्रथिन भरमसाट बनतं आणि एपी-१ सारखे वाचणारे कमी पडतात; उरलेलं वाट फुटेल तिकडे जातं. खूप उजळ पेशी सोडून मंद पेशी पाहा. मंद पेशीत ते खाली आणि उजळ पेशीत दोन्हीकडे असेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

एवढं करूनही दोन्हीकडे राहिलं, तर मग बेरीज सोडवायला घ्या. बर्फावर फक्त वरून, आणि वेगळ्या फिल्टरवर फक्त खालून, पटल न ओलांडणारं बायोटिन (पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर खूण करणारं रसायन) लावा. वरून लावलेल्या नमुन्यात सोडियम-पोटॅशियम पंप आला, तर थर गळतो आहे, तो फिल्टर टाकून द्या. नवं प्रथिन वेगळं पाहायचं असेल तर पेशी २० अंशांवर दोन तास ठेवा. प्रथिन गॉल्जीच्या पलीकडच्या टोकाला साचतं. मग ३७ अंशांवर आणून दर पंधरा मिनिटांनी एक फिल्टर बर्फात टाका. पहिल्या पंधरा-तीस मिनिटांतच ते दोन्हीकडे आलं, तर निवड गॉल्जीत होत नाहीये. आधी खाली येऊन मग हळूहळू वर वाढलं, तर ते खालून उचलून वर नेलं जातंय, आणि तो वेगळाच, कदाचित जास्त महत्त्वाचा शोध ठरेल.

तुमच्या प्रथिनाच्या शेपटीतली शेवटची पन्नास-साठ अमिनो आम्लं आणि उभ्या छेदाचा एक फोटो पाठवा. टायरोसिन कुठे आहे ते पाहून मग पुढचं म्युटेशन ठरवू.